ब्रेक किंचाळतो तेव्हा

(तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या आणि पालघर-बोईसर परिसरातल्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



भाषणाचा विषय काय ठेवायचा असं मला फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "स्कूटरचा ब्रेक." पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग हळूच, "ताई, चेष्टा नको, फळ्यावर काय लिहू ते सांगा." फळ्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला दिसतंच आहे, 'कामकरी स्त्रिया आणि प्रवास'. चालेल. प्रवासच आहे हा.

आपल्या बैठकांत आपण पगारी रजा, पाळणाघर, रात्रपाळी, घरातली मारहाण, पोटगी यांवर बोलतो. गाडीच्या ब्रेकवर कधी बोललो नाही. पण आत येताना मी बाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या. सतरा स्कूटर आहेत, आणि त्यातल्या अकरांच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. म्हणजे अकरा जणींचा तरी हा विषय आहेच.

आधी हात वर करा. ब्रेक दाबला की चीं असा कर्कश आवाज येतो, अशी गाडी किती जणींची? आठ. आता दुसरा प्रश्न. त्या आवाजामुळे उजव्या हाताचा, म्हणजे पुढचा ब्रेक वापरायचं कमी केलं किंवा सोडूनच दिलं, अशा किती? सावकाश वर करा, इथे कोणी नावं लिहून घेत नाही. सहा. मीही त्यातलीच होते, म्हणून विचारते आहे.

मी पालघरला राहते. एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सकाळची पाळी सातची. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला होता. पण लोकलची वेळ आणि पाळीची वेळ जुळली तर जुळली. बोईसरला उतरल्यावर पुढे शेअर रिक्षा, तिघांच्या जागी पाच जण, आणि शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नाही. हे मी तुम्हाला काय सांगू? शेवटी कर्ज काढून २०१७ साली स्कूटर घेतली. कोळगाव, उमरोळी करत आपल्या वेळेला निघायचं, आपल्या वेळेला पोचायचं. संध्याकाळी येताना भाजी घ्यायची, वाटलं तर मैत्रिणीकडे थांबायचं. 'इतका वेळ कुठे होतीस' या प्रश्नाला 'लोकल लेट होती' असं खोटं सांगायची गरज संपली. त्या गाडीने मला काय दिलं ते असं आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात ब्रेक ओरडायला लागला. वेगात असताना नाही. वेग कमी होत गाडी थांबायला आली की नेमका तेव्हा, नाक्यावर, लोकांसमोर. नवापूर नाक्यावर मी थांबले की चहाच्या टपरीवरची सगळी डोकी वळायची. एक दिवस कोणीतरी तसाच आवाज तोंडाने काढून दाखवला आणि बाकीचे हसले. दुसऱ्या दिवसापासून माझा उजवा हात आपोआप लिव्हरवरून उठला. मी फक्त डाव्या हाताचा, मागचा ब्रेक वापरायला लागले. तसंही गाडी शिकताना भावाने बजावलं होतं, "पुढचा ब्रेक मारू नकोस, कोलांटी खाशील." तुमच्यातल्या कितींना हे सांगितलं गेलं आहे? पाहा, आता जास्त हात आले.

दोन-तीन आठवड्यांनी गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडीकडे न बघता विचारलं, "मिस्टर नाही आले?" मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे. "तसं नाही मॅडम, त्यांना समजावून सांगितलं असतं." मग एका पोराला हाक मारली. पोराने एक स्प्रेची बाटली आणली, पुढच्या चाकापाशी नळी लावून फुस्स केलं, चाक फिरवलं. आवाज बंद. "झालं मॅडम."

मला इतका आनंद झाला की मी त्याला चहाला पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकातून टँकर मागे मागे येत रस्त्यावर आला. आवाज गेला म्हणून मी धीराने दोन्ही ब्रेक दाबले. पुढचा ब्रेक लागलाच नाही. लिव्हर दाबली जात होती, चाक फिरत होतं. मागचं चाक अडकून घसरलं आणि मी गाडीसकट आडवी झाले. टँकर हातभर अंतरावर थांबला. कोपर सोललं, डबा सांडला, बाकी काही झालं नाही. म्हणून आज इथे उभी आहे.

त्या पोराने डिस्कवर तेल मारलं होतं. तेल लागल्यावर ब्रेक ओरडत नाही हे खरंच आहे. तो धरतही नाही.

आमच्या मेंटेनन्समध्ये एक फिटर काका होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी गाडी बघितली आणि त्या पोराला शिव्या दिल्या नाहीत, मला पाना दिला. म्हणाले, "तू लॅबमध्ये एवढी बारीक मापं घेतेस, हे काय अवघड आहे?" त्या दिवशी जे शिकले आणि नंतर स्वतः करून पाहिलं, ते आता सांगते. टिपून घ्यायचं असेल तर घ्या.

पुढच्या चाकाला जी भोकं असलेली चकचकीत थाळी आहे, ती डिस्क. मेस्त्री तिला डिस्क प्लेट म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते. तिला एका बाजूने कवेत घेऊन बसलेला जो ठोकळा आहे तो कॅलिपर, तो फिरत नाही. त्याच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड. आपण लिव्हर दाबतो तेव्हा हँडलवरच्या छोट्या डबीतलं ब्रेक ऑइल नळीतून दाबलं जातं, कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत पकडतात. चालत्या जात्याचा खुंटा धरून जातं थांबवावं, तसं. सगळं काम घर्षणाचं आहे. तेल घर्षणाचं शत्रू. म्हणून डिस्कवर, पॅडच्या पुढच्या अंगाला कधीही, कुणीही, कुठलंही तेल, ग्रीस, स्प्रे लावायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

आवाज का येतो? ओल्या कडाप्प्यावरून स्टीलचं पातेलं ओढलं की कसं किंचाळतं? पातेलं सरळ सरकत नाही. धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. ब्रेकचं तेच. पॅड डिस्कला धरतं आणि निसटतं, सेकंदाला हजारो वेळा. त्याने डिस्क थरथरते आणि झांजेसारखी वाजते. थांबता थांबता, हलका ब्रेक असताना ती जास्त वाजते. त्यामुळे नुसत्या आवाजाने घाबरायचं कारण नाही. कोणता आवाज आहे, ते मात्र ओळखता आलं पाहिजे.

सकाळी गाडी काढल्यावर पहिले चार-सहा ब्रेक खरखरतात आणि मग गप्प होतात, तो दमटपणाचा आणि गंजाचा आवाज. आपल्याकडे हा जास्त. चिंचणी, नांदगाव, सातपाटीकडे गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की खाऱ्या हवेने सकाळी डिस्कवर तांबूस छटा दिसते. पॅड ती पुसून काढतात. काही करायला नको. (एमआयडीसीच्या हवेत आणखी काय काय आहे ते आपल्या नाकाला माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सगळ्यांत वरचा होता. तो वेगळ्या बैठकीचा विषय आहे, पण गाडीचं लोखंडही तीच हवा खातं.)

चिखलातून, खडीच्या रस्त्यावरून आल्यावर सुरू झालेला चरचर आवाज रेतीचा. डिस्क गार झाल्यावर साध्या पाण्याने कॅलिपर आणि डिस्क धुवायची. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, आणि हातही लावू नका, चटका बसतो.

आता तो चीं करणारा, रोज येणारा, जात नाही असा आवाज. याची कारणं बरीच. पॅड वरून काचेसारखं गुळगुळीत, कडक झालेलं असतं. वाहतुकीत ब्रेकवर बोटं ठेवून, अर्धवट दाबून गाडी चालवायची सवय असेल तर पॅड सतत हलकं घासत राहतं, तापतं आणि चकाकतं. नवशिक्या आणि घाबरत चालवणाऱ्या मैत्रिणींच्या गाड्यांत हे मी फार पाहिलं. पॅड जाड असेल तर काढून सपाट जागेवर पॉलिश पेपर ठेवून ओला करून त्यावर हलकं घासायचं, चकाकी जाईपर्यंत. पातळ झालं असेल तर बदलायचं.

कधी पॅड चांगलं असतं, पण त्याला मागून दाबून ठेवणारी पत्र्याची स्प्रिंग वाकलेली असते, किंवा मागच्या वेळी कुणीतरी काढून परत बसवलेलीच नसते. मग पॅड आत खुळखुळतं आणि वाजतं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडलेल्या, गंजलेल्या असतात. त्याची खूण अशी की एका बाजूचं पॅड संपलेलं आणि दुसऱ्या बाजूचं तसंच जाड. माझं हेच झालं होतं, तेलाचा प्रकार तर नंतरचा. या पिनांना ग्रीस लागतं, पण ब्रेकसाठीचं वेगळं, उष्णता सोसणारं आणि रबराला न खाणारं, आणि तेही अगदी थोडं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस तिथे चालत नाही.

आणि तेल. गॅरेजमधलाच स्प्रे असेल असं नाही. गाडी धुण्याच्या सेंटरवर धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून डिझेल किंवा तेलाचा फवारा मारतात, तो चाकावर जातो. धुवायला देताना बजावून सांगा, चाकांवर काही मारायचं नाही. तेल मुरलेलं पॅड टाकून द्यायचं. जाळून, घासून, साबणाने धुऊन ते परत वापरायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. डिस्क मात्र वाचते. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो, किंवा औषध कंपनीतल्या मैत्रिणींना ठाऊक असलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसायची. दुकानातून विकत आणा, लॅबमधून बाटली उचलून आणू नका, नाहीतर माझ्यावर नाव यायचं. रॉकेल नको, ते मागे चिकट थर ठेवतं.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक, किंवा थांबताना लिव्हर बोटांना मागे ढकलल्यासारखी धडधडते, तर डिस्क वाकलेली असू शकते. स्टेशनाबाहेरच्या गर्दीच्या पार्किंगात गाड्या एकमेकींवर ढकलतात, त्यात डिस्कला मार बसतो. चाकाला कुलूप लावून ते काढायचं विसरून गाडी पुढे घेतली तरीही. वाकलेली डिस्क हातोडीने सरळ करून घेऊ नका.

आता शेवटचा, खर्र असा, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. पॅडचा घासायचा भाग संपला आणि मागची लोखंडी पट्टी डिस्कला लागली. हा आवाज आला की गाडी तिथेच लावायची, त्या दिवशी रिक्षाने जायचं. पॅडची जोडी काही शेकड्यांत येते. तशीच चालवली तर डिस्क जाते आणि खर्च हजारांत जातो. आणि ती थांबणारही नाही.

हे यायच्या आधी कळतं. डोळ्यांनीच. डबल स्टँडवर गाडी लावा, टॉर्च घ्या, कॅलिपरच्या फटीत पाहा. पॅडवर एक खाच किंवा रेघ असते. ती दिसेनाशी झाली की बदलायची वेळ. खाच सापडली नाही तर मोठ्या नाण्याच्या जाडीएवढं तरी पॅड उरलंय का ते बघा. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. डिस्कच्या कडेवरही तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. डिस्क गार असताना कडेवरून नख फिरवा. खोल खाच लागली, कड उंच लागली, तर दाखवून घ्या. मग हँडलवरच्या डबीची काच पाहा. ब्रेक ऑइल खालच्या रेघेखाली गेलं असेल तर एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय. नुसतं वरून भरून घ्यायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागली, शेवटपर्यंत जायला लागली, तर ताबडतोब.

एक धोक्याचं. कॅलिपर चाकावरून काढलेला असताना लिव्हर दाबायची नाही, पिस्टन बाहेर येतो. आणि बोल्ट किती घट्ट करायचे ते ठरलेलं असतं, अंदाजाने नव्हे. म्हणून बघणं, ओळखणं, पुसणं आपण सगळ्या करू. उघडणं शिकलेल्या बाईच्या सोबतीने.

आता थोडं मागे जाते, कारण हे वाचल्यावर मला दोन दिवस झोप लागली नव्हती. डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी घेतलं. त्यांनी पॅडला तांबं लावलं होतं. धातूवर धातू, तो ब्रेक भयंकर किंचाळायचा. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने उपाय काढला. पॅडला ॲस्बेस्टॉस लावलं. आवाज थांबला, पॅड टिकायलाही लागलं, आणि त्यानंतर विसाव्या शतकाचा बहुतेक काळ जगभरच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस होतं.

ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि दहा-वीस-चाळीस वर्षांनी माणूस मारतात. हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १८९८ साली, म्हणजे फ्रूडच्याही आधी, ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री-कारखाना-निरीक्षकांपैकी ल्युसी डीन यांनी अहवालात लिहून ठेवलं होतं की ही धूळ घातक आहे, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे टोकदार दिसतात. अहवाल फाइलीत राहिला. रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची एक कामगार बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी ती वारली. मालकाने भरपाई नाकारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, तेव्हा कुठे या रोगाची चर्चा सुरू झाली आणि १९३१ साली तिथे पहिले नियम आले. ब्रिटनने बंदी घातली ती १९९९ साली. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान चाळीस वर्षं ठेवायला सांगितलं. सरसकट बंदी आजही नाही. बाहेरून येणारं ॲस्बेस्टॉस मुख्यतः छपराच्या सिमेंट पत्र्यांत जातं.

आज चांगल्या पॅडच्या पाकिटावर ॲस्बेस्टॉस नसल्याचं छापलेलं असतं. स्वस्त डुप्लिकेट पॅडमध्ये काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ब्रेकची काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही. गॅरेजमधली पोरं नळीने हवा मारून चाक साफ करतात, ती धूळ ती पोरंच आधी गिळतात. मागच्या चाकाचा ड्रम उघडला की आत मूठभर धूळ असते, तिथे तर नक्कीच हवा नको. ओलं फडकं फिरवायचं, ते पिशवीत घालून टाकायचं, हात धुवायचे. त्या पोरांनाही सांगा. ज्याने माझ्या डिस्कवर तेल मारलं तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या ब्रेकबद्दल मघाशी राहिलं. ब्रेक दाबला की आपलं वजन पुढे झुकतं, तसं गाडीचंही झुकतं. पुढचं चाक जमिनीवर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणून गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. फक्त मागचा दाबला तर थांबायला खूप जागा लागते आणि ते हलकं झालेलं चाक घसरतं. कोलांटी होते ती पुढचा ब्रेक एकदम कचकन मारल्याने, किंवा वळणावर, वाळूवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर मारल्याने. सरळ रस्त्यावर दोन्ही लिव्हर एकदम, आधी हलक्या, मग वाढवत दाबायच्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असणं सक्तीचं झालं. त्यात डावी लिव्हर दाबली तरी पुढचा ब्रेक थोडा लागतो. थोडाच. उजवी लिव्हर सोडून द्यायला ते कारण नाही. आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत डावीने पुढच्या चाकाला काहीच होत नाही.

आपल्या आधीच्या बायकांनी १९७२ नंतर लूना घेतली, १९८४ नंतर कायनेटिक होंडा घेतली, त्यांना ड्रम ब्रेक होते. त्यांचे शू दिसत नसत, आवाजही वेगळा. डिस्कचं बरं आहे, सगळं उघड्यावर आहे. बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

गॅरेजमध्ये जाताना काय करायचं? काम सुरू असताना तिथेच उभं राहायचं, बाकड्यावर बसून मोबाइल बघत नाही. "आवाज बंद करा" असं म्हणायचं नाही. "आवाज कशाने येतोय ते मला दाखवा" असं म्हणायचं. पॅड बदलले तर जुने परत मागायचे. देतात, थोडं तोंड वाकडं करून. बिल घ्यायचं, त्यावर पार्टचं नाव लिहून घ्यायचं. बिलाशिवाय ग्राहक तक्रारीत काही हाती लागत नाही. नवे पॅड बसवल्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर ते नीट बसलेले नसतात. रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जाऊन सावकाश ब्रेक लावत दहापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं पंधरा-वीस वेळा. सुरुवातीला ते थोडे वाजतात, मग बसतात.

"मिस्टर नाही आले?" याला काय उत्तर द्यायचं, असं मला एकीने विचारलं होतं. मी आता म्हणते, "त्यांना गाडी येत नाही." खरंच येत नाही त्यांना.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कार्यक्रमात बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका, जड पाने घेऊन गावोगाव फिरल्या. आणि इथे, जिथे १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली त्या तारापूरच्या परिसरात, आपण पॅड कुठे असतं ते बघायला पुरुष माणूस शोधतो. हे मी स्वतःला धरूनच म्हणते आहे.

तर येत्या रविवारी सकाळी नऊला याच अंगणात. काका येणार आहेत, गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून ते खुर्चीवर बसतील आणि आपण काम करू. ज्या आठ जणींनी पहिल्यांदा हात वर केला त्यांनी गाड्या आणायच्या. आदल्या दिवशी धुऊन आणू नका, जशी आहे तशी आणा. बरोबर टॉर्च, सुती फडकी, तोंडाला बांधायला रुमाल आणि गाडीचं पुस्तक. पुस्तक सापडत नसेल तर कपाटात लग्नाच्या अल्बमखाली बघा, माझं तिथे होतं. पॉलिश पेपर, पाने आणि क्लीनर मी आणते. त्याचे पैसे वर्गणीतून काढायचे की ज्यांच्या गाड्या त्यांनी द्यायचे, ते आत्ताच ठरवून टाकू.